जिवंत आहोत, काढा

१

मुठेच्या काठी पुणं, पुण्याच्या कडेला वारजं, वारज्यात एक सोसायटी, आणि त्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर एक आई, तिचा मुलगा आणि त्याची बायको असे तिघं राहत होते. आईचं नाव वेणूबाई, मुलाचं उत्तरेश्वर, सुनेचं श्यामला. आई लातूरकडची. सून कर्वेनगरात जन्मली आणि तिथंच वाढली, त्यामुळं वारजं म्हणजे तिला परगावच. आणि मुलगा कुठला म्हणाल, तर कंपनीचा. सकाळी बस येऊन त्याला हडपसरला घेऊन जायची, संध्याकाळी वाळलेला आणून सोडायची.

ते दिवसच तसे होते. काल ऊस होता तिथं आज काचेच्या इमारती. पोरं परदेशाची कामं इथं बसून करायची, आणि आयांना कुणी विचारलं, मुलगा काय करतो, तर त्या नुसतं 'कंप्युटरवर' म्हणून मोकळ्या व्हायच्या. वेणूबाईला मात्र सांगता यायचं. "माझा उत्तरेसर बर्फ ऐकतो," ती म्हणायची. बायका हसायच्या. हसल्या तर हसल्या.

खोटं नव्हतं ते. गुरू ग्रहाला पुष्कळ चंद्र. त्यातल्या एकावर कोसच्या कोस बर्फाचं कवच, आणि कवचाखाली समुद्र. कुणी न पाहिलेला. परदेशातल्या लोकांनी तिथं एक यंत्र पाठवलं होतं. माणूस नाही, नुसतं यंत्र. वर्षानुवर्षं अंधारातून जाऊन ते त्या बर्फावर उतरलं आणि बसलं. त्याच्या पायाशी हातोडी होती. हातोडीनं बर्फावर ठोके मारायचे, खालून घुमून येणारा आवाज यंत्राच्या कानानं ऐकायचा, आणि त्यावरून बर्फ किती जाड, पाणी कुठं सुरू होतं, हे काढायचं. पण बर्फ गप्प बसतो थोडाच? तो तडकतो, कण्हतो, करकरतो. त्या गोंधळातून हातोडीचे ठोके वेचून काढायचं काम हडपसरच्या कंपनीकडं आलं होतं, आणि कंपनीत ते उत्तरेश्वरकडं.

शनिवारी तो घरीच बसायचा. आतल्या खोलीत स्पीकर लावायचा आणि घरभर बर्फ तडकायला लागायचा. वेणूबाई दाराशी सूप घेऊन ज्वारी निवडायची.

"काय रे, एवढ्या लांब पाणी बघायला गेले? आपल्या गावाला टँकर यायला दोन उन्हाळे लागले हुते."

"प्यायचं नाही गं आई. त्यात जीव आहे का ते बघायचंय."

"कुणाचा?"

"कुणाचाही. किडामुंगीचा."

"आन घावला तर?"

"तर पेपरात येईल."

"आपल्या येईल. त्या किड्याला कुणी इच्यारलंय का, बाबा तुला घावायचंय का म्हणून?"

श्यामला स्वयंपाकघरातून हसली. उत्तरेश्वरही हसला. घर असं होतं. त्यात वाईट काही नव्हतं.

२

एका शनिवारी ज्वारी निवडता निवडता वेणूबाईचा हात सुपातच राहिला.

तडकण्याकण्हण्याची आता तिला सवय झाली होती. त्यातून हे निराळं आलं. ठक ठक. मग थांबून, ठक. पुन्हा ठक ठक. ठक.

"हे कोण ठोकायलंय?"

"आपलंच यंत्र. हातोडी सुरू केली काल त्यांनी."

"आसं ठोकायला त्याला कुणी शिकिवलं?"

"मी," उत्तरेश्वर म्हणाला. तो हसला, पण आईकडं न बघता.

उत्तरेश्वरचा बाप विहिरी खणायचा. विहिरीत खाली माणूस, काठावर माणूस, मध्ये सगळा अंधार. ओरडलेलं नुसतं घुमतं, शब्द कळत नाही. म्हणून तिकडचे विहीरवाले पहारीनं बोलायचे. खालच्यानं दगडावर दोन ठोके मारले आणि थांबून एक, तर त्याचा अर्थ, जिवंत आहोत, काढा. वरच्यानं सावकाश एकेक ठोका देत राहायचं. त्याचा अर्थ, ऐकलं, थांबा, आलो. ही बोली शाळेत शिकवत नाहीत. बापाची भाकरी घेऊन गेलेलं पोर बघून शिकतं.

मग तो भूकंप झाला. पहाटे वेणूबाई घराबाहेर गेली होती, म्हणून वाचली. दगडमातीच्या हातहात जाडीच्या भिंती, वर मातीचं माळवद. घर बसलं ते एका दमात बसलं. नवरा गेला, सासू गेली. उत्तरेश्वर तेव्हा दुसरीत होता, तोही आतच. लोक म्हणाले, बाई, आता काही नाही, चल. आणि ढिगाऱ्याच्या पोटातून आवाज आला. दोन. थांबून एक. वेणूबाईनं हाताला आला तो दगड उचलला. एका हातानं ती सावकाश ठोके देत राहिली आणि दुसऱ्या हातानं माती ओढत राहिली. दुसऱ्या दिवशी पोर बाहेर निघालं. धुळीनं पांढरंफटक, पण जिवंत.

तो ठेका आता गुरूच्या चंद्रावर वाजत होता.

"बर्फ आपणहून वाजवणार नाही असा ठेका हवा होता," उत्तरेश्वर सांगत होता. "मीटिंगमध्ये यज्ञेश्वर सरांनी विचारलं, काय ठेवू या? माझा हात टेबलावर आपोआप वाजला. सर म्हणाले, झकास, हाच ठेवा."

"आन त्याचा अर्थ सांगितलास का त्यास्नी?"

"अर्थ कशाला लागतो आई? ठोके मोजायचेत फक्त."

वेणूबाई सूप घेऊन उठली. स्वयंपाकघरात गेली, तिथून म्हणाली, "आसं ठोकणारा खाली असतोय. तुजं यंत्र तर वर हाय."

"मग?"

"मग काय न्हाई. भाकरी आत्ता थापू का जरा येळानं?"

३

पुढच्या शनिवारी ती गोधडीला टाके घालत बसली होती. स्पीकरवर ठक ठक झालं, थांबून ठक झालं, आणि मग बराच वेळ नुसता बर्फ. मग फार लांबून, घोंगडीखालून यावा तसा, एक ठोका आला.

थांबून आणखी एक.

थांबून आणखी एक.

तिनं सुई टोचून ठेवली. उत्तरेश्वरनंही ऐकलं होतं. त्याची मान ताठ झाली होती.

"हे घुमून येतंय," तो म्हणाला. "प्रतिध्वनी. समुद्राच्या तळावर आपटून."

"दोन आन एक गेलं, तर दोन आन एकच यील की रे माघारी. विहिरीत 'ओ' म्हणलं तर 'ओ'च येतंय."

"मग बर्फ तडकत असेल. तिथं भरती-ओहोटी असते, बर्फ आवळतो, सैल पडतो. सर म्हणतात तसा ठराविक अंतरानंही तडकू शकतो."

सर म्हणतात तर असेल, असं वेणूबाईनं मनाशी धरलं. ती काही खुळी बाई नव्हती. आपले कान म्हातारे, डोक्यात जुना आवाज बसलेला, त्यामुळं जिथं नाही तिथंही ऐकू येत असेल. तिनं बाल्कनीत जाऊन पाहिलं. खाली कुणी खिळा ठोकत नव्हतं. परत येऊन डोळे मिटून ऐकलं. तडकणं असतं तर तिला तडकणं म्हणून सोडून देता आलं असतं. पण दोन ठोक्यांमध्ये जी उसंत होती ती तिच्या ओळखीची होती. जड पहार उचलून डोक्यापर्यंत न्यायला लागतो तेवढाच तो वेळ. आणि दहाबारा ठोक्यांनंतर एक ठोका उशिरा यायचा. खांदा बदलताना होतो तसा.

बर्फाला खांदा कुठला?

जेवताना ती एकदम म्हणाली, "ते आलो म्हणायलेत."

"कोण, आई?" श्यामलानं विचारलं.

"मला काय ठाव कोण. ह्यानं हाक मारलीया. म्हणून यायलेत."

उत्तरेश्वरनं ताटातलं पिठलं कालवलं, पुन्हा कालवलं आणि तसंच ठेवून उठला.

४

खालच्या मजल्यावर मंदाकिनीबाई राहायच्या, एकट्याच, निवृत्त. जिन्यात त्यांनी वेणूबाईला गाठलं.

"काय वेणूबाई, घरात उखळ आणलंत वाटतं?"

"न्हाई बा."

"नाही, आमच्या छताला कळलं म्हणून विचारलं. दुपारी पंखा नाचतो हो आमचा. नाच फुकट बघायला मिळतो, तेव्हा तक्रार नाही. उखळ कधी संपणार तेवढं आपण सांगा."

वेणूबाईनं जिन्याचा कठडा धरला. कारण दोन दिवस तोच आवाज तिला खालून येत होता, आणि मंदाकिनीबाई भिंतीला काय ठोकून घेतायत ते विचारायलाच ती निघाली होती.

दोघी मंदाकिनीबाईंच्या घरात जाऊन उभ्या राहिल्या. वरचं घर बंद होतं, श्यामला कामावर, उत्तरेश्वर हडपसरला, किल्ली वेणूबाईच्या कमरेला. वरून ठोका आला. पंख्याची पाती हलकेच हलली. थांबून पुन्हा ठोका आला. मग दोघी जिना चढून वर आल्या, कुलूप काढलं, आतल्या खोलीत उभ्या राहिल्या. ठोका पायाखालून आला.

वर घर, खाली घर, आणि मध्ये वीतभर जाडीचा स्लॅब.

"म्हणजे पाइप," मंदाकिनीबाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज चढलेला होता, आणि टोमणा मारायचा त्या विसरल्या.

मच्छिंद्र प्लंबर आला. दारातूनच म्हणाला, "पायपात हवा धरली असंल, हाय काय त्यात." आतल्या खोलीत गेला, गुडघ्यावर बसला, फरशीला कान लावला. बराच वेळ लावून राहिला. वेणूबाई त्याच्या मानेकडं बघत होती. मानेवरचे केस हळूहळू उभे राहिले.

"पाणी वाजतंय," तो उठून म्हणाला.

"म्हणजे पायपच ना?"

"लई पाणी हाय, आजी." त्यानं पाने पिशवीत भरले. "आन इथनं लाइनच न्हाई जात. लाइन तिकडनं हाय, मोरीकडनं." चहा ठेवला होता, तो न घेताच तो जिना उतरून गेला.

त्या संध्याकाळी उत्तरेश्वर आला, बूट न काढताच आतल्या खोलीत गेला, आणि फरशीवर पालथा झोपून त्यानं कान टेकला. श्यामलानं हाक मारली, आईनं हाक मारली. त्यानं हातानंच थांबा म्हणून सांगितलं.

५

यज्ञेश्वर सर एकदा घरी आले. उत्तरेश्वर कामावर असून नसल्यासारखा असतो, म्हणून बघायला आले असावेत. चांगला माणूस. वेणूबाईच्या पाया पडले, शेंगदाण्याची चटणी दोनदा मागून घेतली.

"साहेब, ती हातोडी बंद करा," वेणूबाई म्हणाली.

"आवाजाचा त्रास होतो का मावशी? स्पीकर कमी करायला सांगू आपण ह्याला."

मग तिनं त्यांना सगळं सांगितलं. विहीर सांगितली, ठोके सांगितले, दोन आणि एक म्हणजे काय, सावकाश एकेक म्हणजे काय. "तुम्ही त्यास्नी सांगायलात, आमी गाडलोय, आमाला काढा. आन ते खरं मानून खणायलेत. भली मानसं हायेत ती. म्हणूनच मला भ्या वाटतंय."

सरांनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. हसतील असं श्यामलाला वाटलं होतं. ते हसले नाहीत. हात धुऊन आले आणि उत्तरेश्वरकडं वळून हळूच म्हणाले, "तू ह्यांना जाडीचं बोलला होतास का?"

"नाही सर."

"काय जाडीचं?" वेणूबाईनं विचारलं.

सरांनी रुमालानं हात पुसले. पुसून झाले तरी पुसतच राहिले. "यंत्राखालचा बर्फ, मावशी. दर वेळी मोजला की थोडा पातळ येतोय. वरून नाही. खालून. आम्ही म्हणत होतो, मोजण्यात काहीतरी चुकतंय."

त्यांनी वर कुणाकुणाला काय सांगितलं कोण जाणे, पण आठ दिवसांत हातोडी थांबली. तपासणीसाठी बंद, असं कारण दिलं गेलं. शनिवारी स्पीकरवर नुसता बर्फ होता. श्यामलानं देवापुढं साखर ठेवली. वेणूबाई सुपाशी बसली, आणि कितीतरी दिवसांनी तिला खडे दिसायला लागले.

मग ठोके आले. आधीसारखे सावकाश नाहीत. एकावर एक, धावत, श्वास न घेता.

खालून फरशीतूनही तसेच आले.

वेणूबाईच्या मांडीवरून सूप सांडलं. आपण केवढी चूक केली हे तिला त्या क्षणी कळलं, आणि चूक न करता दुसरं काय करता आलं असतं हे मात्र कळलं नाही. ढिगाऱ्याखालचे पोराचे ठोके पहिल्याच रात्री थांबले होते. तेव्हा ती थांबली होती का? गेला असेल म्हणून दगड ठेवून दिला होता का तिनं? नखं निघाली होती तिची. बोटं फाटली होती. आतला गप्प झाला की बाहेरचा थांबत नाही. वेडा होऊन खणतो.

६

"गावाकडं चला," वेणूबाई म्हणाली. "नवीन पत्र्याची घरं हायेत तिथं, उघडी जागा हाय."

"तिथं काय जमीन नाही का, आई?"

दुपार होती. श्यामला शेजारच्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत होती. उत्तरेश्वर फरशीवर बसला होता, भिंतीला पाठ लावून, तळहात फरशीवर ठेवून. कंपनीत जाणं त्यानं सोडलंच होतं. त्याच्या तळहाताखालची फरशी ओली असायची. पुसली तरी पुन्हा ओली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तू मला बाहेर काढलंस, तेव्हा उजेड होता का?"

"ह्ये काय इच्यारणं? सकाळ हुती. ऊन हुतं."

"मला आठवत नाही. आतलं सगळं आठवतंय. आज्जीचा पाय आठवतो, मातीची चव आठवते. तुझा ठोका आठवतो. थांब, आलो, थांब, आलो. त्याच्यापुढं काही नाही. मग एकदम शाळा आहे, होस्टेल आहे, पुणं आहे, लग्न आहे. मधला उजेड कुठंय?"

"ल्हान हुतास."

"कंपनीतल्या त्या बंद खोलीत बसलो ना, की वाटायचं, हे सगळं मी आत पडल्या पडल्या बघतोय. वाट बघता बघता." तो आईकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर वेड नव्हतं. वेड असतं तर वेणूबाईला बरं वाटलं असतं. "त्या मीटिंगमध्ये माझा हात आपोआप वाजला, असं मी सांगितलं ना? ते खोटं. मी मुद्दाम ठोकलं होतं. म्हणलं, कुणालातरी ऐकू जाऊ दे."

वेणूबाईनं त्याला जवळ ओढलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. "येडं माजं. ह्या हातांनी काढलंय तुला. ह्ये बघ हात." तिनं त्याच्यापुढं हात धरले. त्यानं बघितले, आणि हो म्हणाला, लहान मुलाला बरं वाटावं म्हणून म्हणतात तसं.

मग तिनं ते स्वतःच बघितले. बोटांवरचे जुने वण होते. आणि ऊन? ऊन खरंच होतं का त्या सकाळी? ती आठवायला लागली. पाऊस होता असं पुष्कळ लोक सांगतात. खिडकीबाहेर वारज्याचं आभाळ होतं, राखाडी, सपाट. ते इतकं खाली आलेलं तिनं याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं उठून पडदा ओढून घेतला.

७

यंत्र गेलं ते त्या महिन्यात. ते एका बाजूला कललं, मग आवाज बंद झाला. जाता जाता त्यानं एक चित्र पाठवलं होतं. यज्ञेश्वर सरांनी ते फोनवर श्यामलाला सांगितलं, कारण उत्तरेश्वर फोन घेत नव्हता.

"बर्फाला भोक पडलंय," ती वेणूबाईला सांगायला लागली. "पण सर म्हणतात, वरून काही पडून झालेलं नाही. त्याच्या कडा वर उचललेल्या आहेत. भाकरी फुगून फुटते तशा."

"आन भोकात काय हाय?"

"अंधार. चित्र तिरपं आलंय. एका कोपऱ्यात काहीतरी आहे म्हणे, पण ते काय आहे त्यावर त्यांचं एकमत होत नाहीये." श्यामलानं फोन ओट्यावर ठेवला. "आई, आता तरी संपलं ना? यंत्र मिळालं त्यांना. आत कुणी नाही, हेही कळलं असेल."

वेणूबाई काय सांगणार? दगड उचलला आणि खाली माणूस नाही, असं तिच्याही बाबतीत कितीदा झालं होतं. मग आपण काय करतो? मातीला कान लावतो आणि विचारतो, ठोके होते ते कुणाचे होते?

त्याच दिवशी श्यामलानं माहेरी निरोप धाडला, सगळे तिकडं राहायला येतो म्हणून. उत्तरेश्वर चल म्हटल्यावर उठला, चपला घातल्या, दारापर्यंत आला. दारात थांबला. "त्यांनी इथवर खणलंय," तो म्हणाला, "आणि आपण नसलो तर किती वाईट वाटेल त्यांना." चपला काढून तो पुन्हा आत गेला. दोघींनी मिळून ओढलं तरी तो हलला नाही. जोर करत होता असं नाही. नुसता जड होता.

त्याला सोडून त्या दोघी थोड्याच जाणार?

८

आणि मग एका भर दुपारी ठोके थांबले.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. कुकरची शिट्टी झाली, आणि शिट्टीनंतर जी शांतता पडली ती पडूनच राहिली. श्यामला ओट्याशी उभी होती. तिनं हातातला डाव खाली ठेवला. "आई," ती कुजबुजली. "बंद झालं."

जिन्यातून मंदाकिनीबाईंचा आवाज आला. "संपलं वाटतं उखळ! अभिनंदन हो!"

श्यामला रडायला लागली. रडता रडता हसायला लागली. शिरा करते म्हणाली, रवा काढायला डबा उघडला. वेणूबाई तिच्याकडं बघत उभी होती. विहीरवाल्याची बायको ती. तिला ठाऊक होतं पहार कधी थांबते. ठोके घालत घालत माणसापाशी आलो, आता हाताच्या अंतरावर तो आहे, असं कळलं की पहार बाजूला ठेवतात. जिवंत माणसाला लागू नये म्हणून. तिथून पुढं हातांनी. हातांचा आवाज होत नाही.

ती आतल्या खोलीकडं धावली.

खोली गार होती, आणि मीठ लावून वाळवलेल्या मासळीसारखा वास होता. उत्तरेश्वर फरशीवर एका कुशीवर निजला होता. त्याच्या तोंडावर उजेड पडला होता. खिडकीचा नाही, पडदा ओढलेला होता. खालून पडला होता. निळा, हलता. वेणूबाईनं फरशीकडं बघितलं नाही. आयुष्यभर तिनं डोळे उघडे ठेवून बघितलं होतं, यावेळी नाही बघितलं. फक्त एवढंच दिसलं की त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत नव्हता. तुटलेला नव्हता. खाली गेलेला होता, आणि कुणीतरी तो धरलेला होता.

तिनं डावा हात पकडला. दोन्ही हातांनी, मनगटावर.

"उजेड आहे गं," उत्तरेश्वर म्हणाला. दुसरीतल्या पोराचा आवाज होता तो. "आई, सोड. आले ते."

"न्हाई सोडायची."

खालून ओढ आली. हिसका नव्हता, तीच तर गोष्ट. हिसका असता तर तिनं दात रोवून तोंड दिलं असतं. ही ओढ सावकाश होती, जपून होती. खांदा निखळू नये, बरगडीला दगड घासू नये, म्हणून थोडं ओढायचं, थांबायचं, पुन्हा थोडं. तिनं जसं ओढलं होतं अगदी तसंच कुणीतरी तिच्या लेकराला ओढत होतं, आणि तितक्याच मायेनं. फरशीवरून ती त्याच्यामागं घसरत गेली. तिच्या बांगड्या फुटल्या. श्यामलानं दारातून येऊन तिची कंबर धरली, आई, आई म्हणत. ती पण घसरली.

मग ओढ थांबली. वेणूबाईच्या मनगटावर काहीतरी येऊन टेकलं. गार. ओलं. त्यानं हळूच चाचपलं. तिची बोटं एकेक करून मोजल्यासारखी चाचपली, नाडीपाशी थांबलं, आणि नाडी लागली तेव्हा तिथंच राहिलं.

खाली, फार खोल, त्या सगळ्या पाण्यात, एकदम ठोके सुरू झाले. एक नाही, दोन नाही, हजारो. जिकडून तिकडून. वेणूबाईनं असे ठोके आयुष्यात एकदाच ऐकले होते. गावातल्या एका ढिगाऱ्यातून एक पोर काढताना त्याच्या मुठीत दुसरा हात सापडला होता, आणि तोही गरम होता. तेव्हा सगळ्या गावानं पत्रे, भांडी, दगड, हाताला येईल ते बडवून एकमेकांना कळवलं होतं, अजून एक आहे, अजून एक जिवंत आहे.

असं त्या घराचं दैव एकदाचं उघडलं. ज्या घरात आता काही नाही असं समजून आधी लोक निघून गेले होते, त्या घरासाठी कुणीतरी इतक्या लांबून, इतकं सगळं खणत आलं. आधी लेक निघाला. मग आई निघाली. मग तिची कंबर धरून बसलेली सून निघाली. तिघंही जिवंत होते. घरातलं एकही माणूस आत राहिलं नाही.